थांब म्हणण्याची सोय: संमतीने होणाऱ्या बंधनक्रीडेच्या चर्चेचा आढावा

दोन प्रौढ जोडीदारांपैकी एकाने दुसऱ्याचे हात किंवा पाय, दोघांच्या मर्जीने, बांधायचे आणि त्यातून शरीरसुख घ्यायचे, या प्रकाराला इंग्रजीत बाँडेज म्हणतात. या लेखात त्याला बंधनक्रीडा म्हटले आहे. या वृत्तींबद्दल सव्वाशेहून अधिक वर्षे लिहिले-बोलले जात आहे, पण बोलणारे वेगवेगळ्या दालनांत बसलेले आहेत. मानसोपचारतज्ज्ञांनी हा आजार आहे का असे विचारले, न्यायालयांनी हा गुन्हा आहे का असे विचारले, स्त्रीवाद्यांनी ही हिंसा आहे का असे विचारले, आणि प्रत्यक्ष करणाऱ्यांनी हे इजा न होता कसे करायचे ते शोधले. या चारही चर्चा शेजारी शेजारी ठेवल्या की ध्यानात येते, जिथे खरी अडचण येते तिथे प्रत्येकीला एकाच प्रश्नाशी थांबावे लागते. बांधलेल्या माणसाला हे आत्ता, या क्षणी थांबवता येते का? दूर ढकलण्याची, उठून जाण्याची ताकद ज्याने आपणहून दुसऱ्याच्या हाती दिली, त्याचा नकार जिवंत कसा ठेवायचा? सुरक्षितता आणि संमती हे दोन स्वतंत्र विषय म्हणून शिकवले जातात. माझे म्हणणे असे की बंधनक्रीडेपुरते तरी ते एकच आहेत: थांबवण्याची सोय शाबूत असेल तर दोन्ही असतात, ती गेली की दोन्ही जातात.

वात्स्यायनाने नोंदवलेली अडचण

हा विषय पश्चिमेकडून आला असे सरसकट म्हटले जाते, आणि आजची परिभाषा तिकडून आली हे खरेही आहे. पण सुखासाठी संमतीने सोसलेली वेदना आणि तिचा धोका यांची चिकित्सा कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणात आहे. तिथले प्रकरण बांधण्याबद्दल नाही, प्रणयातील प्रहारांबद्दल आहे. तरी त्याने मांडलेली अडचण नेमकी आपलीच आहे. दाक्षिणात्यांमध्ये रूढ असलेले काही कठोर प्रहार वात्स्यायनाला मान्य नाहीत, आणि त्याची कारणे तो घडलेल्या अपघातांनी देतो. चोल राजाच्या हातून चित्रसेना ही गणिका मेली, एका नर्तकीचा डोळा गेला, आणि कुंतल देशाच्या सातवाहन शातकर्णीच्या हातून त्याची महाराणी मलयवती मेली, असे तो सांगतो. सातवाहन म्हणजे पैठणचे, आपल्याच प्रदेशाचे राजघराणे. आवेगात माणसाला समोरचा धोका दिसत नाही, म्हणून जोडीदाराची नाजुकता आणि सोसण्याची ताकद व स्वतःचे बळ आधी ओळखावे, आणि जिवाला अपाय करणारे प्रकार ते रूढ असलेल्या ठिकाणीही टाळावेत, असा त्याचा निष्कर्ष आहे. इतके शहाणपण सांगणाऱ्या याच प्रकरणात एक मोठी फट राहते. प्रणयातले सीत्कार सांगताना तो ‘पुरे’, ‘सोड’, ‘नको’ अशा अर्थाचे शब्दही त्यात धरतो. मग स्त्रीला खरोखरच सोड म्हणायचे असेल तर तिने काय म्हणायचे? याचे उत्तर त्या ग्रंथात नाही. आज प्रत्येक जबाबदार मार्गदर्शनाच्या सुरुवातीला असलेला ‘सेफवर्ड’, म्हणजे थांबण्यासाठी आधी ठरवलेला वेगळाच शब्द, हीच फट बुजवण्यासाठी आहे.

आजार की आवड

आधुनिक चर्चा सुरू होते ती ऑस्ट्रियातील मनोविकारतज्ज्ञ रिचर्ड फॉन क्राफ्ट-एबिंग यांच्यापासून. ‘सायकोपाथिया सेक्शुअ‍ॅलिस’ हा त्यांचा ग्रंथ १८८६ साली निघाला आणि या वृत्ती विकृतींच्या यादीत जाऊन बसल्या. त्यांच्यापुढे येणारी माणसे मुख्यतः दवाखान्यातली आणि न्यायालयातली होती. घरात सुखाने नांदणारे जोडपे त्यांच्या खोलीत येण्याचे कारणच नव्हते, ही त्या निष्कर्षांची मर्यादा पुढे अनेकांनी दाखवून दिली. तरी ते वर्गीकरण शंभर वर्षांहून अधिक टिकले. डेन्मार्कने १९९५ मध्ये आपल्या राष्ट्रीय यादीतून हे निदान काढले. स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड यांनी २००९ ते २०११ या काळात तेच केले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या नियमपुस्तिकेने वेगळी आवड आणि विकार यांत भेद केला: त्या आवडीमुळे त्या व्यक्तीला लक्षणीय त्रास होत असेल, तिचे जगणे बिघडत असेल किंवा संमती नसलेल्या माणसावर ती लादली जात असेल, तरच तो विकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, संमतीने होणारे प्रकार यादीतून वगळले आणि बळजबरीच्या क्रौर्याला स्वतंत्र विकार म्हणून ठेवले. रेषा आता कृतीवर नाही, संमतीवर आखलेली आहे.

या बदलामागे पाहणी-अभ्यास आहेत, आणि ते बारकाईने वाचायला हवेत. ऑस्ट्रेलियात १६ ते ५९ वयाच्या १९ हजारांहून अधिक लोकांच्या दूरध्वनी-पाहणीवर आधारलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. लैंगिकदृष्ट्या सक्रिय लोकांपैकी १.८ टक्क्यांनी मागच्या वर्षभरात असे प्रकार केले होते, आणि त्यांच्यात मानसिक ताण किंवा पूर्वी झालेली लैंगिक जबरदस्ती इतरांपेक्षा जास्त आढळली नाही. बेल्जियममधील २०१७ च्या अभ्यासात मात्र ४६.८ टक्के लोकांनी यातला निदान एक प्रकार कधीतरी केल्याचे सांगितले. दोन आकड्यांत एवढे अंतर पडण्याचे मुख्य कारण विचारण्याच्या पद्धतीत आहे. एकाने वर्षभरातील वर्तन एका नावाखाली विचारले, दुसऱ्याने एकेक कृतीची यादी पुढे ठेवून आयुष्यात कधीतरी केले का असे विचारले. ओढणीने हात बांधून पाहिलेले जोडपे स्वतःला कोणतेच नाव लावत नाही. म्हणून सुरक्षिततेची माहिती फक्त ‘त्या वर्तुळातल्या’ लोकांसाठी आहे असे मानणे चुकीचे ठरते. नेदरलंड्समधील २०१३ च्या अभ्यासात हे प्रकार करणारे ९०२ जण इतरांपेक्षा मानसिकदृष्ट्या अधिक स्थिर आढळले, पण ते स्वतःहून पुढे आलेले होते. त्यावरून हे आरोग्यदायक आहे असे सिद्ध होत नाही. एवढेच म्हणता येते की आवड हा आजाराचा पुरावा नाही.

न्यायालयांपुढे

कायद्याची कसोटी सर्वांत कठोरपणे इंग्लंडमध्ये लागली. समलिंगी पुरुषांच्या गटावर चाललेल्या तेथील ब्राउन खटल्यात, ११ मार्च १९९३ रोजी, हाउस ऑफ लॉर्ड्सने ३ विरुद्ध २ मतांनी ठरवले की सुखासाठी संमतीने केलेली, पण शरीराला प्रत्यक्ष इजा करणारी कृती हा गुन्हाच आहे. इजा सोसणाऱ्यांपैकी कोणीही तक्रार केलेली नव्हती. अल्पमतातल्या न्यायमूर्तींचे म्हणणे होते की कृत्य किळसवाणे वाटते म्हणून ते फौजदारी कायद्याच्या कक्षेत येत नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९७ मध्ये इंग्लंडची बाजू उचलून धरली. मधल्या काळात, १९९६ मध्ये, पत्नीच्या इच्छेने तिच्या अंगावर गरम सुरीने आपली आद्याक्षरे उमटवणाऱ्या पतीला इंग्लंडच्याच अपील न्यायालयाने निर्दोष सोडले. समलिंगी पुरुषांना एक न्याय आणि विवाहित जोडप्याला दुसरा, ही टीका तेव्हापासून आजतागायत चालू आहे, आणि तिला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे: इजा न करणारे साधे बांधणे या निकालांच्या कचाट्यात येत नाही.

पुढच्या निकालांत भर हळूहळू इजेवरून थांबवण्याच्या हक्काकडे सरकला. बेल्जियममधील एका न्यायाधीशाच्या आणि एका डॉक्टरच्या प्रकरणात २००५ मध्ये त्याच युरोपीय न्यायालयाने लैंगिक निवड हा खासगी जीवनाचा भाग असल्याचे स्पष्ट मान्य केले, तरी शिक्षा कायम ठेवली. त्या दोघांनी बरीच दारू घेतली होती आणि सोबतच्या स्त्रीने थांबा, दया करा असे म्हटल्यावरही ते थांबले नव्हते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवले की आधी होकार दिला असला तरी बेशुद्ध व्यक्तीची संमती मानता येणार नाही, कारण संमती कृतीच्या प्रत्येक क्षणी जागी असावी लागते. अल्पमताचा आक्षेप विचार करण्याजोगा आहे: स्त्रीने शुद्धीत असताना स्वतःसाठी घेतलेला निर्णय तिच्याच रक्षणाच्या नावाखाली न्यायालयाने रद्द केला. पण त्या आक्षेपाला उत्तर आहे. निर्णय बदलण्याची क्षमताच ज्या अवस्थेत उरत नाही तिथे आधीचा निर्णय दुसऱ्या कोणाच्या तरी हाती मोकळा परवाना होऊन बसतो. जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने २००४ मध्ये घेतलेली भूमिका मला सर्वांत तोलाची वाटते. असे प्रकार मुळात अनैतिक नाहीत, पण ज्यात जिवाचा ठोस धोका आहे अशा कृतीला संमतीचे संरक्षण नाही, असे त्या न्यायालयाने सांगितले. त्या प्रकरणात गळा दाबल्यामुळे मृत्यू झाला होता.

स्त्रीवादी मतभेद

अमेरिकेत १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत असे प्रकार करणाऱ्या स्त्रियांचा ‘समॉइस’ नावाचा गट उभा राहिला आणि १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या बार्नार्ड महाविद्यालयातील परिषदेत वाद उघड झाला. एका बाजूचे म्हणणे असे की जिथे स्त्रीचे दुय्यमत्व रोजच्या जगण्यात मुरलेले आहे तिथे तिने बांधून घेण्याला दिलेला होकार त्याच दुय्यमत्वाने घडवलेला असतो. दुसरी बाजू, जिची सैद्धांतिक मांडणी गेल रुबिन यांनी १९८४ मध्ये केली, म्हणत होती की स्त्रीच्या इच्छांची छाननी करून काही इच्छा खोट्या ठरवणे हेही तिच्यावरचे नियंत्रणच आहे. हा वाद पुराव्याने मिटणारा नाही. पण पहिल्या बाजूचा मुद्दा मान्य केला तरी त्यातून बंदी निघत नाही, अधिक कडक अट निघते. पैशासाठी, घरासाठी किंवा लग्न टिकवण्यासाठी जोडीदारावर अवलंबून असलेल्या व्यक्तीने दिलेला होकार दोनदा तपासायला हवा, आणि तपासण्याची जबाबदारी दोरी हातात असलेल्यावर आहे. जिला नाही म्हटल्यावर काहीच किंमत मोजावी लागणार नाही, तिचाच होकार होकार असतो.

शरीर आणि दोरी

करणाऱ्यांच्या चर्चेतून आलेल्या सूत्रांचा प्रवासही बोलका आहे. न्यूयॉर्कमध्ये १९८३ साली सुरक्षित, शहाणपणाचे आणि संमतीचे असे त्रिसूत्र पुढे आले. १९९९ मध्ये त्यावर आक्षेप घेतला गेला की पूर्ण सुरक्षित असे काही नसतेच, धोका ओळखून दिलेली संमती म्हणा. २०१४ मध्ये संशोधकांच्या एका गटाने काळजी, संवाद, संमती आणि सावधगिरी अशी चौकट सुचवली. नवख्यांसाठी यातला मधला आक्षेप सर्वांत मोलाचा आहे, कारण धोका नेमका काय हे माहीत नसताना दिलेली संमती अर्धीच असते. तेव्हा तो धोका सांगायला हवा.

बहुतेकांना भीती असते रक्त अडण्याची. हात निळा पडतो, गार पडतो, ते दिसते आणि माणूस सोडवतो. अधिक घातक असते नस दबणे, कारण हात गुलाबी आणि गरम असतानाही नस दबलेली असू शकते. दंडाच्या हाडाला वळसा घालून जाणारी नस दबली तर मनगट लुळे पडते, पंजा वर उचलता येत नाही. कोपराच्या आतल्या बाजूची नस करंगळीकडच्या बोटांना बधिर करते. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला असलेल्या हाडाच्या उंचवट्याजवळची नस दबली तर पाऊल लोंबते. घट्ट बेड्यांनी मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूची नस दुखावते. दाब थोडा असेल तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत बरे वाटते. आतले तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, म्हणजे दंडापासून बोटांपर्यंत सुधारणा पोचायला महिने लागतात. भारतातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासाने दिला आहे, आणि मधुमेहींच्या नसा दाबाला लवकर बळी पडतात. हा मुद्दा परदेशी मार्गदर्शनात सहसा मागे राहतो.

नस दबल्याची पहिली खूण बांधणाऱ्याला दिसत नाही, बांधलेल्यालाच कळते: मुंग्या, बधिरपणा, विजेसारखी कळ, बोटांतली शक्ती कमी होणे. म्हणजे इथे शरीराची सुरक्षितता बांधलेल्याच्या बोलण्यावरच उभी आहे. उत्तेजनाच्या भरात किंवा जोडीदाराचा विरस नको म्हणून माणूस गप्प बसतो, आणि तिथेच इजा होते. म्हणून बांधणाऱ्याने दर थोड्या वेळाने बोटे पसरायला, मनगट मागे वाकवायला, हात आवळायला सांगावे. ते जमत नसेल तर चर्चा न करता सोडावे. किती वेळ बांधून ठेवणे सुरक्षित, यावर एकमत नाही, कारण दाब, जागा, शरीराची ठेवण आणि प्रकृती यांवर ते ठरते. पहिल्या काही वेळा पाचदहा मिनिटांत थांबणे शहाणपणाचे.

साधनांबाबत तज्ज्ञता लागत नाही. बारीक सुतळी, नाडा किंवा वायर दाब एका रेषेत आणते. सहा ते आठ मिलिमीटर जाडीची मऊ सुती किंवा तागाची दोरी शेजारी शेजारी दोनतीन वेढ्यांनी घेतली तर दाब पसरतो. दोरी आणि त्वचा यांत दोन बोटे सहज जायला हवीत. ओढले की आवळत जाणारा सरकफास कधीच नको, आणि निरगाठही नको. एका ओढीत सुटणारी सुरगाठ बांधणाऱ्याच्या हाताशी असावी. रेशमी किंवा नायलॉनची ओढणी सोपी वाटते, पण ताण आला की तिची गाठ दगडासारखी होते. पट्टीने चिकटणारे, आतून मऊ असलेले रुंद मनगटपट्टे नवख्यांना सर्वांत बरे. औषधाच्या दुकानात मिळणारी बोथट टोकाची बँडेज-कात्री हाताच्या अंतरावर हवीच, मग दोरी कितीही महाग असो.

काही गोष्टींत मतभेद नाहीत. मानेभोवती काहीही बांधू नये. हात मागे बांधून पालथे झोपवू नये, कारण छातीवर वजन येऊन श्वास अडतो. उभ्याने बांधलेल्याला भोवळ आली तर त्याचे सारे वजन बांधलेल्या सांध्यांवर येते, म्हणून सुरुवात बसून किंवा आडवे होऊन करावी. बांधलेल्या माणसाला क्षणभरही एकटे सोडू नये. स्वतःच स्वतःला बांधण्याने मृत्यू झाले आहेत. दारू किंवा नशा दोघांपैकी कोणीही केलेली नसावी. तोंड बांधले तर शब्द जातो, म्हणून नवख्यांनी ते टाळावे. निदान हातात किल्ल्यांचा जुडगा द्यावा, तो पडला की लगेच सोडायचे. सेफवर्डच्या जोडीला अनेक जण हिरवा, पिवळा, लाल हे सिग्नलचे रंग वापरतात. त्यातला पिवळा फार उपयोगाचा, कारण पूर्ण थांबवायचे नसते पण हात दुखत असतो तेव्हा माणसाला बोलायला शब्द हवा असतो. सोडल्यानंतर पांघरूण, पाणी, जवळ बसणे आणि दुसऱ्या दिवशी त्याबद्दल पुन्हा बोलणे यालाही तितकेच महत्त्व आहे, कारण काय नको होते हे अनेकांना उशिरा उमगते.

इथे एक आक्षेप नेहमी येतो: थांबवण्याची सोय कायम असेल तर शरण जाण्यात अर्थ काय? अनुभवी जोडपी उलटेच सांगतात. परतीची वाट पक्की माहीत असते म्हणूनच शरीर सैल सोडता येते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भीतीने माणूस गोठतो, तेव्हा त्याच्या तोंडून सेफवर्डही निघत नाही. हे खरे आहे, आणि म्हणून शब्द आला नाही याला संमती मानता येत नाही. शांतता दिसली की विचारणे, उत्तर आले नाही की सोडणे, हा नियम शब्दाइतकाच पक्का हवा.

भारतीय कायदा आणि घर

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २५, म्हणजे जुन्या दंडविधानातील कलम ८७, सांगते की अठरा वर्षांवरील व्यक्तीने संमती दिली असेल आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवण्याचा हेतू नसेल, तशी शक्यता आहे हे माहीतही नसेल, तर झालेली इजा गुन्हा ठरत नाही. कायद्यात दिलेले उदाहरण मौजेखातर तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचे आहे. पंधरा दिवस नेहमीचे व्यवहार करता न येणे हीदेखील गंभीर दुखापत धरली जाते, तेव्हा लुळे पडलेले मनगट त्या रेषेच्या अगदी जवळ जाते. बलात्काराच्या व्याख्येतले २०१३ चे स्पष्टीकरण नव्या संहितेत कायम आहे: संमती निःसंदिग्ध, स्वेच्छेची आणि त्या विशिष्ट कृतीपुरती असावी, आणि केवळ प्रतिकार न करणे म्हणजे संमती नव्हे. बंधनक्रीडेला ही व्याख्या जणू मापून बेतलेली आहे, कारण बांधलेली व्यक्ती प्रतिकार करूच शकत नाही. बांधण्याला दिलेला होकार पुढच्या कोणत्याही कृतीला दिलेला होकार नसतो. तरीही दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१७ मधील एका निकालात दुबळा नकार होकारही असू शकतो असे जे विवेचन झाले, त्यावरून कायद्याचे शब्द आणि त्यांचा वापर यांतले अंतर दिसते.

मोठी पोकळी लग्नात आहे. पत्नी अठरा वर्षांवरील असेल तर पतीने केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही, हा अपवाद नव्या संहितेतही राहिला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ११ मे २०२२ रोजी त्यावर परस्परविरोधी मते दिली आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. मनाविरुद्ध बांधल्या गेलेल्या पत्नीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचा आणि क्रौर्याच्या कलमांचा आधार आहे, पण त्या विशिष्ट गुन्ह्याचा नाही. पुरुषांची स्थिती वेगळ्या तऱ्हेने उघडी आहे: नव्या संहितेत जुन्या कलम ३७७ ची जागा घेणारी तरतूद नाही, त्यामुळे पुरुषावरील लैंगिक जबरदस्तीला थेट लागू होणारे कलम उरलेले नाही. चित्रणाबाबत कायदा स्पष्ट आहे. स्त्रीने खासगी क्षणांचे चित्रण करू दिले, पण ते दुसऱ्याला दाखवायला परवानगी दिली नाही, तर ते पसरवणे कलम ७७ खाली गुन्हा आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे हा मात्र कोणत्याही कलमापेक्षा खात्रीचा उपाय.

अशी माहिती छापल्याने लोक बिघडतील, हा आक्षेप मराठीत नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवले तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. भारतात २०१५ मध्ये ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ या चित्रपटाला प्रमाणपत्र नाकारले गेले, पण त्याचे दृश्य अंश प्रत्येक फोनवर पोचले. चित्रे पोचतात आणि कात्री कुठे ठेवायची हे पोचत नाही, अशी आजची स्थिती आहे.

न सुटलेले

सर्वांत तातडीचा न सुटलेला प्रश्न गळा दाबण्याचा आहे. अनेक देशांतील तरुणांमध्ये तो नेहमीच्या प्रणयाचा भाग समजला जाऊ लागला आहे, तर वैद्यकाचे म्हणणे आहे की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दबल्या तर काही सेकंदांत शुद्ध जाते आणि हे करण्याची सुरक्षित पद्धत नाही. इंग्लंडने २०२१ च्या कायद्याने गंभीर इजेला संमतीचा बचाव बंद केला आणि गळा दाबणे हा स्वतंत्र गुन्हा केला. पूर्ण बंदीने लोक ते लपून करतील असे काही जण म्हणतात. इथे माझे मत वैद्यकाच्या बाजूने आहे, कारण शुद्ध गेली की थांब म्हणणारे कोणी उरतच नाही. दुसरा प्रश्न संशोधनाचा: आतापर्यंतच्या मोठ्या पाहण्या प्रामुख्याने युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या आहेत, जिथे प्रौढ जोडप्याला बहुधा स्वतःची खोली असते. एकत्र कुटुंबात, पातळ भिंतीआड, आवाज दाबून जगणाऱ्या जोडप्याला सेफवर्ड मोठ्याने उच्चारता येईलच असे नाही. त्यांच्यासाठी हाताच्या खुणा किंवा हातातली वस्तू हाच मुख्य मार्ग ठरेल का, हे त्यांनाच विचारून पाहावे लागेल. तिसरा प्रश्न दवाखान्याचा आहे. लुळे मनगट घेऊन आलेला रुग्ण लाजेने पडलो असे सांगतो, आणि डॉक्टर पडण्याच्या जखमा शोधत राहतात. कारण खरे सांगता आले तर उपचार वेळेवर सुरू होतात. आणि बांधलेल्या हातांच्या खुणा पाहणाऱ्या डॉक्टरने हे मर्जीने होते की मर्जीविरुद्ध, हा प्रश्न जोडीदाराला बाहेर बसवून, रुग्णाला एकट्याला विचारायला हवा. तो कसा विचारायचा, हे आपल्या वैद्यकीय शिक्षणात अजून यायचे आहे.